गोव्यात नवीन आलात? जुना मित्र येईल तेव्हा

नोकरीसाठी गोव्यात नवीन आलेल्या आपल्याकडच्या मुलांना भाड्याची खोली, पोलीस ठाण्यात भरायचा भाडेकरूचा अर्ज, कदंबच्या बसचा पास हे कोणीतरी सांगतंच. मी वेगळी गोष्ट सांगतो. ज्याची वर्षानुवर्षं गाठ पडलेली नाही असा तुमचा एखादा जुना मित्र इथे येणार आहे. सांगलीत राहून जी भेट झाली नसती ती गोव्यात होते, कारण आज ना उद्या सगळेच गोव्याला येतात. कोणी ऑफिसच्या सहलीबरोबर, कोणी मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला, कुलदैवताच्या दर्शनाला. फोन येतो तो बहुधा आदल्या रात्री. तेव्हा ‘खोली लहान आहे, अजून बस्तान बसलं नाही’ म्हणून टाळू नका. मी एकदा टाळलं होतं. तो मित्र पुन्हा आला नाही.

आधी, कुठे उतरायचं ते त्याला नीट सांगा. कोकण रेल्वेनं येणारे सरसकट मडगावचं तिकीट काढतात. तुम्ही पणजीत असाल तर करमळी, म्हापशाकडे असाल तर थिवी. विमानानं येत असेल तर दाबोळी की मोपा हे विचारून घ्या. मोपा पार उत्तरेला, पेडण्यात. पुण्यासारखी मोबाइलवर टॅक्सी मिळेल असं धरून चालू नका, जमलं तर स्वतः न्यायला जा. एकटाच आणि एकच पिशवी असेल तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला पायलट आणून सोडतो. भाडं बसायच्या आधी ठरवायचं.

जून-जुलैत येत असेल तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. तो सुरमई डोक्यात घेऊन आलेला असतो. त्याला नदीतलं नुस्तं, म्हणजे मासळी, आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, खाऊ घाला.

आणखी एक, आणि हे कळकळीनं सांगतो. इथे मराठी बहुतेकांना कळते, मराठी वर्तमानपत्रं पुष्कळ घरांत येतात. त्यामुळे आपला माणूस शेजाऱ्यांसमोर सहज बोलून जातो, ‘कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?’ १९६७ च्या जनमत कौलात या लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १९८७ साली कोंकणी राजभाषा झाली, तीही मोठ्या आंदोलनानंतर. ज्यांच्या घरात हे सगळं घडलं त्यांच्याच बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून असं बोलू नये. माझ्या मित्रानं विचारलं तेव्हा घरमालकीणबाई काही बोलल्या नाहीत, चहाचे कप उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी जाऊन माफी मागितली. तुम्ही तुमच्या मित्राला आधीच सांगून ठेवा.

हा मित्र म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारा. अठरा वर्षांनी आला. मी यादीच केली होती: जुनं गोवं, मिरामार, दोना पावला, मग कळंगुट. दुपारपर्यंत तीन ठिकाणं उरकली. फोटो भरपूर निघाले, बोलणं मात्र ‘मुलं कितवीत?’ याच्या पुढे सरकेना. कळंगुट सोडून दिलं आणि रायबंदरच्या रस्त्याला लागलो. धक्क्याला फेरीबोट लागत होती.

‘ही कुठं जाते रे?’

‘चोडणला, पलीकडच्या बेटावर. चल.’

पायी जाणाऱ्याला तेव्हा तिकीट नव्हतं. लोखंडी फळी खाली आली, स्कूटरी चढल्या, मागून आम्ही. कठड्याला टेकून उभे राहिलो. ओहोटी होती. पलीकडच्या कांदळवनाची मुळं उघडी पडली होती आणि चिखलात एक बगळा पाय उचलायचा, थांबायचा, पुन्हा उचलायचा. चोडणला आम्ही उतरलोच नाही, त्याच बोटीनं परत आलो आणि पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला त्यानं पाण्याकडे बघतच सांगितलं, ‘बाबा गेले. दोन वर्षं झाली. तुला कळवायचं होतं, पण नंबरच नव्हता.’ त्याच्या बाबांनी मला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून न्यायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. मी तेवढंच म्हणालो. तो रडला, मीही. मग अंधार पडेपर्यंत बोलत होतो.

म्हणून सांगतो, त्याचा दिवस ठिकाणांनी भरू नका. दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंदच असतात, तेव्हा घरी थांबा, पंख्याखाली चटई टाका. संध्याकाळी आपण रोज जातो तिथेच त्याला न्या. चहा, पातळ भाजी-पाव, जमलं तर फेरीबोट. आणि एक रात्र मुक्कामाला ठेवून घ्या, खोली कितीही लहान असो.

सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंगा वाजला की खाली उतरा आणि पोई, म्हणजे कोंड्याचे गोल पाव, जरा जास्त घ्या. मी चार त्याच्या आईसाठी कागदात बांधून दिल्या. सांगलीला पोचेपर्यंत चिवट होतात, तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम करायला सांगा.