मनाची काळजी घ्यायची तर आधी पाळीचा तक्ता बघा: सोलापूरच्या कारखान्यांत हमखास होणाऱ्या चुका

१० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. कारखान्यात एक व्याख्यान होतं, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. ११ तारखेला तोच सुपरवायझर, तीच सगळ्यांदेखत बोलणी, तोच पाळीचा तक्ता. व्याख्यान वाईट नसतं, पण ज्या कामाने माणूस पिचतो ते काम तसंच ठेवून त्याला 'सकारात्मक राहा' सांगितलं, की तो पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली तीही अशीच आहे: नीट हाताळला न गेलेला, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण. तिथे बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. म्हणून दुरुस्ती कामापासून सुरू करावी लागते.

पाळी आणि हंगाम

यंत्रमागावर आणि गारमेंटमध्ये सर्वांत जास्त नुकसान झोपेचं होतं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. रात्रपाळी संपवून घरी गेलेल्या माणसाला त्याच दिवशी दुपारी बोलावणं ही नेहमीची चूक. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांचं अंतर ठेवा. पाळी बदलायची असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने बदला. उलट्या क्रमाने शरीराला जुळवून घेणं जड जातं. रात्रपाळीचा फेरा संपला की निदान दोन रात्री सलग झोप मिळाली पाहिजे.

शाळांच्या गणवेशाच्या ऑर्डरी जूनच्या आधी उरकायच्या असतात, म्हणजे ओव्हरटाईमचा जोर नेमका एप्रिल-मेमध्ये. तेव्हा सोलापुरात पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि रात्रीही नीट झोप लागत नाही. चिडचिड, शिलाईतल्या चुका, भांडणं या महिन्यांत वाढतात, मग मालक म्हणतो, 'पोरं ऐकत नाहीत'. ऑर्डर घेतानाच मोजा: किती नग, किती मशीन, किती हात, किती दिवस. हिशेब बसत नसेल तर जादा हातांची सोय फेब्रुवारीतच करा.

आणखी एक खास इथली गोष्ट. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा घरातल्या बाईला थांबावंच लागतं. त्या दिवशी दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणारे युनिट आहेत. यातून शिस्त येत नाही, आदल्या रात्रीपासून धास्ती येते. महिन्यात चार वेळा अर्ध्या तासाची सवलत द्या, तो वेळ संध्याकाळी भरून घ्या. एवढ्याने खाडेही कमी होतात, कारण उशीर झालेली बाई कापाकापीच्या भीतीने त्या दिवशी येतच नाही.

'काय रे, डिप्रेशन आलंय का?'

सगळ्यांसमोर असं विचारणं ही सुपरवायझरची सर्वांत महागडी चूक. निदान करणं हे त्याचं काम नाही. त्याने फक्त बदल टिपायचा: आधी वेळेवर येणारा आता तीनदा उशिरा आला, जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो, हातचं काम वारंवार बिघडतं. असा बदल दोन आठवडे टिकला तर बोलावं. उदासीचं निदान करतानाही डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची मुदत धरतात.

बोलायचं कुठे? मागांच्या आवाजात नाही, आणि मालकाच्या काचेच्या केबिनमध्येही नाही, कारण आत कोण बसलंय हे सगळं खातं बघतं. स्टोअरची खोली, पाळी सुटल्यावरचा रिकामा कोपरा चालेल. वीस मिनिटं, फोन बंद. सुरुवात अशी करा: 'गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला तीनदा उशीर झाला, तुमचं तसं नसतं. कामात काही अडचण आहे का? घरी काही आहे का? सांगायचं नसेल तरी चालेल.' मग गप्प बसा. सल्ला देण्याची घाई आवरा. 'आमच्या काळी' तर अजिबात नको. पुष्कळदा उत्तर पैशांचं निघतं: बचतगटाचा हप्ता, सावकाराचं व्याज, आधीच घेतलेली उचल. तिथे समुपदेशनाआधी उचल किती हप्त्यांत कापायची हे बदलता येतं, आणि ते तुमच्याच हातात आहे.

भाषा विसरू नका. शहराच्या पूर्व भागातल्या अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कित्येकांच्या घरी कन्नड. पाठ्यपुस्तकी मराठीत विचारलं की माणूस 'काही नाही साहेब' म्हणून मोकळा होतो. त्याच्या भाषेचा जोडीदार सोबत घ्यायचा असेल तर आधी त्यालाच विचारा, नातलग तर मुळीच आणू नका. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही भाषांत बोलता येतं. हा क्रमांक पगाराच्या चिठ्ठीवर छापा आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. मुख्य फलकापुढे थांबून क्रमांक लिहून घ्यायला कुणी धजत नाही.

जिवाचं बोलणं निघालं तर

'जगण्यात अर्थ नाही' असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, कापड रंगवायच्या (डाइंगच्या) रसायनांजवळ पाठवू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी सिव्हिलमध्ये म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात न्या. धोका अगदी समोर असेल तर ११२ वर फोन करा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन इथे देऊ नका. 'जेवढ्यांना सांगणं गरजेचं आहे तेवढ्यांनाच सांगेन' हे खरं वचन.

रजा, दाखला आणि कागद

डॉक्टरचा दाखला मागा, आजाराचं नाव मागू नका. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामासाठी अयोग्य' आणि परतताना 'कोणतं काम टाळावं' एवढं पुरतं. हजेरीत 'आजारपणाची रजा' लिहा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही नको. कोण कुठल्या डॉक्टरकडे गेलं हे या गावात संध्याकाळच्या आत घरी पोचतं, आणि पुढे सोयरिकीपर्यंत जातं.

महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असलेला कामगार आजारपणाचा भत्ता मागू शकतो: सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, हप्त्यांची अट पूर्ण असेल तर. स्किझोफ्रेनियासारख्या काही दीर्घ मानसिक आजारांना पात्र कामगारांसाठी ८० टक्क्यांचा वाढीव लाभही आहे. हे बहुतेक कामगारांना ठाऊक नसतं. हप्ता वेळेवर न भरणं ही मात्र मालकाची चूक, आणि ती बरोबर आजारपणातच उघडी पडते. गटविमा घेत असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजाराला संरक्षण आहे का, ते पॉलिसीत वाचा.

परतल्यावर होणारी घाई

उदासीवरची औषधं सुरू झाली की पहिल्या दिवशी फरक पडत नाही. साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला काहींना पेंग येते. तेवढे दिवस कटिंग मशीन, बॉयलर, फोर्कलिफ्ट नको. पॅकिंग, मोजणी, तपासणी द्या. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्याला उन्हाळ्यात विशेष जपावं लागतं: घाम जास्त गेला, पाणी कमी पडलं की रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. हात थरथरणं, उलटी, तोल जाणं दिसलं तर ताबडतोब डॉक्टर. उष्णतेच्या खात्यातून त्याला हलवा. आजाराचं नाव न विचारताही हे साधतं, दाखल्यावर 'उष्ण ठिकाणी काम नको' एवढंच असलं की झालं.

पहिले दोन आठवडे चार तास, पुढचे दोन सहा तास, मग पूर्ण पाळी. दर शनिवारी पंधरा मिनिटं विचारपूस. नगावर मजुरी असेल तर हे सगळं वाया जातं, कारण कमी नग म्हणजे कमी पैसे, मग तो माणूस पहिल्याच दिवशी जीव तोडून हात चालवतो. म्हणून हे चार आठवडे त्याला तासावर मजुरी द्या.

पाहणी करताना

'नाव लिहू नका' म्हणून बारा जणांच्या युनिटमध्ये हाताने भरलेला फॉर्म गोळा केला तर अक्षरावरून माणूस ओळखू येतो. दहापेक्षा कमी लोकांच्या खात्याचा निकाल वेगळा काढू नका. दोन-तीन खाती एकत्र करा. प्रश्न तीनच पुरे: ठरलेल्या वेळेत काम संपतं का? चूक झाली तर न घाबरता सांगता येते का? सुट्टीच्या दिवशी फोन येतात का? निकाल पंधरा दिवसांत कामगारांना सांगा आणि निदान एक गोष्ट त्याच महिन्यात बदला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आधीच ठाऊक असतं, ते फोन तुम्हीच केलेले असतात.