हाताचा एक्झिमा आणि त्वचेवरचे जीवाणू: काय करावं

निरोगी हातांवरही असंख्य जीवाणू असतात आणि त्यातले बरेचसे उपयोगीच. एक्झिमात, म्हणजे इसबात, त्वचेचा संरक्षक थर फाटतो, भेगांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू फोफावतो आणि त्याच्या विषद्रव्यांमुळे दाह व खाज आणखी वाढते. खाजवलं की नव्या भेगा पडतात. म्हणून जंतू मारत सुटण्यापेक्षा त्वचेचा थर भरून काढणं महत्त्वाचं.

जंतुनाशक साबण बंद करा. तो त्वचेतली चरबी धुऊन नेतो. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य क्लेन्झर पुरे. अंगठी काढून हात धुवा, कारण तिच्याखाली साबण साचतो. मग टिपून कोरडे करा आणि लगेच बिनवासाचं जाड मलम लावा. डबीत बोटं घालू नका, जंतू आत जातात. ट्यूब किंवा पंप बरा.

डॉक्टरांनी दाह उतरवणारं स्टेरॉइड क्रीम दिलं असेल तर एका हाताच्या पंजाच्या दोन्ही बाजूंना मिळून बोटाच्या टोकाच्या पेराएवढी, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, पट्टी लागते. भीतीपोटी कमी लावल्यानं आजार रेंगाळतो. दाह उतरला की या जीवाणूंची संख्याही घटते. अँटिबायोटिक मलम मात्र स्वतःहून लावत राहू नका, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

ओल्या कामाला रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाला. घामानं भिजले की बदला.

मधासारखी पिवळी खपली, पू किंवा वाढती वेदना दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ताप आला, लाल रेघ हातावर वर चढू लागली किंवा दुखऱ्या फोडांचे झुबके उठले, तर त्याच दिवशी.