कॅमेऱ्याला कोणते फ्रेम रेट जमतात ते ड्रायव्हरलाच कसं विचारायचं

वेबकॅम किंवा कॅप्चर कार्डसाठी प्रोग्रॅम लिहिताय तर फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) घेता येतात त्या आकड्यांची, यादी आपल्या मनाने भरू नका, एवढं कळकळीने सांगतो. मी एकदा रेकॉर्डिंगच्या टूलमध्ये १५, २४, २५, ३०, ६० असा सरळ ड्रॉपडाउन टाकून दिला होता. वापरणाऱ्याने ६० निवडलं, ड्रायव्हरने एकही एरर न देता गुपचूप ३० लावलं आणि मी फाइलवर ६० लिहून मोकळा झालो. दहा मिनिटांचं भाषण पाच मिनिटांत संपलं, चित्रातला माणूस भराभर हातवारे करतोय आणि आवाज आपल्या चालीने मागून येतोय. ते भाषण परत होणार नव्हतं, त्यामुळे अजून वाईट वाटतं.

लिनक्सवरचं सविस्तर सांगतो, कारण तिथे सगळं उघडं दिसतं. तिथे कॅमेऱ्याशी बोलायची सोय व्ही४एल२ (व्हिडिओ फॉर लिनक्स) नावाची आहे. कोड लिहायच्या आधी तिचं व्ही४एल-युटिल्स पॅकेज टाका आणि व्ही४एल२-सीटीएल ही कमांड लिस्ट-डिव्हायसेस ऑप्शन देऊन चालवा, म्हणजे कुठला कॅमेरा कुठल्या व्हिडिओ नोडवर (म्हणजे सिस्टिममधल्या कुठल्या डिव्हाइस फाइलवर) बसलाय ते कळेल. एकाच यूएसबी कॅमेऱ्याचे दोन नोड दिसले तर घाबरू नका, नव्या कर्नलमध्ये दुसरा नोड मेटाडेटाचा असतो, त्याला व्हिडिओचे फॉरमॅट विचारून काही हाती लागत नाही. मग योग्य नोडवर लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट हा ऑप्शन चालवा. फॉरमॅट, त्याखाली साइझ आणि प्रत्येक साइझखाली फ्रेम रेट अशी तीन पायऱ्यांची यादी येते.

ह्या तीन पायऱ्या नीट डोक्यात बसल्या पाहिजेत, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. "ह्या कॅमेऱ्याचा फ्रेम रेट किती" ह्या प्रश्नाला उत्तरच नसतं, "ह्या फॉरमॅटमध्ये, ह्या साइझला किती" असं विचारलं तरच उत्तर मिळतं. का ते हिशोब करून बघा. १९२०×१०८० चं (फुल एचडी) वाययूवायव्ही, म्हणजे न दाबलेलं कच्चं, चित्र म्हणजे दर पिक्सेलला २ बाइट, एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटची, आणि सेकंदाला अशा ३० फ्रेम पाठवायच्या तर जवळपास ९९.५ कोटी बिट होतात. यूएसबी २.० ची वायर कागदावरच ४८ कोटी बिटची, मग बसणार कसं? म्हणून तोच कॅमेरा वाययूवायव्हीत फुल एचडीला ५ फ्रेम सांगतो आणि एमजेपीजीत ३०, कारण तिथे चित्र दाबून येतं. कॅमेरा खराब नाहीये, तुम्ही फॉरमॅट चुकीचा धरलाय.

आता कोडमधून. आयोक्टल, म्हणजे ड्रायव्हरला थेट विचारायचे कॉल, तीन आहेत आणि क्रम तोच: आधी एनम-एफएमटी, मग एनम-फ्रेमसाइझेस, मग एनम-फ्रेमइंटरव्हल्स. तिन्हींची रीत एकच, स्ट्रक्चर आधी शून्याने भरून घ्या, इंडेक्स ० पासून सुरू करा आणि ईइनव्हॅल एरर येईपर्यंत एकेक वाढवत जा. इथे ईइनव्हॅल म्हणजे यादी संपली एवढंच, घाबरून प्रोग्रॅम बंद करू नका. पण इंडेक्स ० लाच ईइनव्हॅल आला तर बहुतेक फॉरमॅट आणि साइझची जोडी चुकलीये, आणि ईनॉटटीवाय आला तर त्या ड्रायव्हरमध्ये ती सोयच नाही.

तिसऱ्या आयोक्टलचं उत्तर वाचताना सगळे एकदा तरी अडखळतात. तो रेट देत नाही, इंटरव्हल देतो, म्हणजे दोन फ्रेममधला वेळ, सेकंदांत, अपूर्णांक म्हणून. अंश १ आणि छेद ३० आला तर सेकंदाला ३० फ्रेम, अंश १००१ आणि छेद ३०००० आला तर २९.९७. हा अपूर्णांक तसाच जपून ठेवा, भागाकार फक्त स्क्रीनवर दाखवायला करा, नाहीतर २९.९७ चं ३० होतं आणि तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज साडेतीन सेकंदांच्या वर सरकतो. शिवाय टाइप तपासा. डिस्क्रीट असेल तर सुटे सुटे आकडे येतात. स्टेपवाइज किंवा कंटिन्युअस असेल तर मिन, मॅक्स आणि स्टेप मिळतात आणि पुढचे इंडेक्स विचारायची गरजच नसते. त्यात मिन म्हणजे सगळ्यात कमी वेळ, म्हणजेच सगळ्यात जास्त फ्रेम रेट, हे उलटं वाचलं की सगळंच उलटं होतं.

एचडीएमआयच्या कॅप्चर कार्डांचं वेगळं असतं. तिथे रेट कार्ड ठरवत नाही, पलीकडून जो सिग्नल येतोय तो ठरवतो, म्हणून क्वेरी-डीव्ही-टायमिंग्ज विचारायचं आणि पिक्सेल क्लॉकला (सेकंदाला येणाऱ्या पिक्सेलच्या आकड्याला) ब्लँकिंगसकट, म्हणजे चित्राभोवतीच्या न दिसणाऱ्या भागासकट, पूर्ण रुंदी आणि पूर्ण उंचीच्या गुणाकाराने भागायचं. १०८०पी साठी १४.८५ कोटी भागिले २२०० गुणिले ११२५, बरोबर ६०. ब्लँकिंग विसरून नुसत्या १९२० आणि १०८० ने भागलंत तर ७१ च्या पुढचा भलताच आकडा येतो.

विंडोजवर मीडिया फाउंडेशनच्या सोर्स रीडरला गेट-नेटिव्ह-मीडिया-टाइप इंडेक्स वाढवत विचारत राहा, तिथे मात्र उत्तर थेट रेटचंच येतं. जुन्या डायरेक्टशोमध्ये १०० नॅनोसेकंदांच्या मापात इंटरव्हल येतो, ३३३३३३ दिसलं की ३० समजायचं. मॅकवर प्रत्येक फॉरमॅटला चिकटूनच सपोर्टेड फ्रेम रेट रेंजेस मिळतात. ओपनसीव्ही ह्या लायब्ररीची एफपीएस (फ्रेम रेटची) प्रॉपर्टी वाचून यादी मिळेल असं धरून चालू नका, ती फक्त आत्ता काय लागलंय ते सांगते.

यादी मिळाली, वापरणाऱ्याने निवड केली, आता लावायचं. लिनक्सवर आधी एस-एफएमटी (फॉरमॅट आणि साइझ लावणारा आयोक्टल), मग एस-पार्म (इंटरव्हल लावणारा), उलट केलंत तर फॉरमॅट बदलताना इंटरव्हल परत डिफॉल्टवर जाऊ शकतो. स्ट्रीमिंग चालू व्हायच्या आधीच लावा, यूएसबी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नंतर बिझी म्हणून परत पाठवतो. आणि एस-पार्म यशस्वी झालं म्हणजे तुम्ही मागितलेलंच मिळालं असं नाही, ड्रायव्हर जवळचा आकडा निवडून त्याच स्ट्रक्चरमध्ये लिहून देतो, तो परत वाचा. माझ्या त्या भाषणाच्या वेळी मी हीच एक ओळ लिहिली नव्हती.

इतकं करूनही एकदा मोजून बघाच. ३०० फ्रेम घ्या, शेवटच्या बफरच्या (फ्रेम ज्यातून हाती येते त्या जागेच्या) टाइमस्टॅम्पमधून पहिल्याचा वजा करा आणि २९९ ला त्याने भागा, ३०० ला नाही, कारण मधली अंतरं २९९ च असतात. बफरवरच्या सिक्वेन्स नंबरमध्ये (फ्रेमच्या अनुक्रमांकात) उडी दिसली तर वाटेत फ्रेम गळताहेत. उडी नाही आणि तरी ३० च्या जागी १५ येताहेत, तर खोलीत उजेड किती आहे बघा. अंधारात बरेच कॅमेरे एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ) लांबवून रेट आपणहून खाली आणतात, कंट्रोल्सच्या यादीत एक्स्पोजर-डायनॅमिक-फ्रेमरेट सापडलं तर ते ० करा. चित्र थोडं काळपट येईल, पण रेट ३० वर टिकेल.