रिमोट डेस्कटॉपवर युझर आणि व्हीएमची मांडणी: सोलापुरात सपोर्टच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

सोलापुरात आयटी सपोर्टमध्ये नव्याने शिरणाऱ्याला बहुधा एखाद्या हार्डवेअर-नेटवर्किंगवाल्याकडे काम मिळतं. त्याचे ग्राहक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, चिंचोळीतली युनिट्स, सीएंची ऑफिसं आणि जिल्ह्यातले साखर कारखाने. अशा ठिकाणी नेहमी दिसणारी मांडणी अशी: एका सर्व्हरवर हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक मशीनं चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), त्यावर तीन-चार व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम, आणि स्टाफ रिमोट डेस्कटॉपने (आपल्या पीसीवरून सर्व्हरचा डेस्कटॉप उघडून) आत येऊन टॅली, एक्सेल चालवतो. सर्व्हर उभा करणं एकदाच असतं. फोन मात्र रोज येतात, आणि ते मशीनचे कमी, माणसांचे जास्त: याला ते फोल्डर दिसत नाही, त्याला नको ते दिसतंय, अमका सोडून गेला, तमक्याची बदली झाली.

यावर उपाय एकच, तोही पहिल्याच दिवशी करायचा. हक्क माणसाला द्यायचे नाहीत, कामाला द्यायचे.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे ऑफिसातले युझर आणि मशीनं (मिळून ‘डोमेन’) यांची मध्यवर्ती नोंद. तिच्यात यासाठी ग्रुपचे दोन थर करतात. पहिला थर कामाचा: हिशेब, निर्यात, गोदाम, डिझाइन. हे ग्लोबल ग्रुप. दुसरा थर वस्तूचा: टॅली-लॉगिन, निर्यात-फोल्डर-वाचणे, निर्यात-फोल्डर-लिहिणे. हे डोमेन लोकल ग्रुप. युझर कामाच्या ग्रुपात, कामाचा ग्रुप वस्तूच्या ग्रुपात, आणि फोल्डरवर परवानगी फक्त वस्तूच्या ग्रुपाला. दहा माणसांच्या ऑफिसात हे जास्तीचं वाटतं. पण निर्यातीतला क्लार्क हिशेबाला गेला की एका ग्रुपातून काढायचा आणि दुसऱ्यात घालायचा, विषय संपला. फोल्डरवर थेट नाव घातलेलं असेल तर जुनं नाव कोणी काढत नाही. सोडून गेलेल्याचं खातं निदान बंद तरी होतं. बदली झालेल्याकडे मात्र जुने हक्क तसेच राहतात आणि नवे वर चढतात. पाच वर्षांत तीन टेबलं फिरलेला माणूस मालकापेक्षा जास्त फोल्डर उघडू शकतो.

युझरनेमचा नियमही आधीच ठरवा. इथल्या कारखान्यांत मराठी, तेलुगू, कन्नड अशी सगळी नावं असतात. एकाच आडनावाचे चार-पाच जण सहज निघतात आणि रोमन स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. पगारपत्रकातलं स्पेलिंग धरा आणि शेवटी कर्मचारी क्रमांक जोडा. जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. युझरनेममध्ये विभागाचं नाव घालू नका, विभाग बदलतो.

‘अकाउंट्स१’ असं एकच लॉगिन तिघांत वापरायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसेल. ती मोडावीच लागते. एन्ट्री कोणी खोडली हे कळत नाही, हा एक तोटा. दुसरा असा की युझर प्रोफाइल डिस्क (प्रत्येकाचा डेस्कटॉप आणि सेटिंग ठेवणारी डिस्क-फाइल) असेल तर एका खात्याची डिस्क एका वेळी एकाच सर्व्हरवर जोडली जाते. दुसरा माणूस त्याच नावाने दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचला तर त्याला टेंपररी प्रोफाइल मिळतं. तो डेस्कटॉपवर फाइल ठेवतो, लॉग-ऑफ करतो आणि फाइल जाते.

खातं डिलीट करू नका, डिसेबल करा. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एसआयडीने, म्हणजे खात्याच्या ओळख क्रमांकाने ओळखतं. डिलीट केलेल्या नावाचंच नवं खातं काढलं तरी एसआयडी नवा असतो, म्हणून जुन्या फोल्डरवर आणि प्रोफाइलवर त्याचा हक्क उरत नाही. उलटं करून जुन्याच खात्याचं नाव बदलून नव्या माणसाला दिलं, तर एसआयडी तोच राहतो आणि गेलेल्याचे सगळे हक्क आलेल्याला आयते मिळतात. म्हणून ‘निष्क्रिय’ नावाचं वेगळं ओयू (डिरेक्टरीतला कप्पा) करा, खातं डिसेबल करून तिथे हलवा, ग्रुप काढून टाका आणि डिस्क्रिप्शनमध्ये तारीख लिहा. साखर कारखान्याच्या गळीत हंगामापुरते आलेले क्लार्क असतील तर खातं उघडतानाच ‘अकाउंट एक्स्पायर्स’मध्ये हंगामाच्या शेवटाची तारीख घाला. मार्च-एप्रिलमध्ये यादी घेऊन बसावं लागत नाही.

ओयू आणि ग्रुप यांची गल्लत नव्या मुलांची हमखास होते. परवानगी ग्रुपाला मिळते, ग्रुप पॉलिसी (एका जागेवरून लावायच्या सेटिंगचा संच) ओयूला लागते. सेशन होस्ट, म्हणजे स्टाफ रिमोट डेस्कटॉपने ज्यावर येतो त्या मशीनचं स्वतंत्र ओयू ठेवा, युझरचं वेगळं. ‘सर्व्हरवर बसल्यावर सी ड्राइव्ह दिसू नये, पण स्वतःच्या पीसीवर दिसावा’ अशी मागणी येते. ती सेटिंग युझरची असते, लागायला मात्र हवी मशीनप्रमाणे. त्यासाठी सेशन होस्टच्या ओयूवरच्या पॉलिसीत लूपबॅक प्रोसेसिंग चालू करायचं. ‘मर्ज’मध्ये युझरच्या नेहमीच्या पॉलिसीही राहतात, ‘रिप्लेस’मध्ये फक्त सर्व्हरच्याच. लूपबॅक विसरलं तर पॉलिसी बरोबर असूनही लागत नाही, आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार: ग्रुपात घातलं तरी फोल्डर उघडत नाही. ग्रुपची यादी लॉग-ऑन होताना टोकनमध्ये (सेशनच्या ओळखपत्रात) भरली जाते, मधे बदलत नाही. युझरला ‘बाहेर पडून परत या’ सांगितलं की तो वरच्या कोपऱ्यातली फुली दाबतो. फुलीने सेशन फक्त डिस्कनेक्ट होतं, आत टॅली उघडीच असते, टोकन जुनंच. परत आला की तो त्याच सेशनमध्ये बसतो. सर्व्हरवर ‘क्वेरी युझर’ ही कमांड द्या. त्याच्या नावासमोर ‘डिस्क’ (डिस्कनेक्टेडचं लघुरूप) दिसेल आणि सेशनचा आयडी दिसेल. आधी त्याला विचारून काम सेव्ह झाल्याची खात्री करा, मग ‘लॉगऑफ’ आणि तो आयडी. पुन्हा आत आल्यावर ‘हूॲमआय /ग्रुप्स’मध्ये नवा ग्रुप दिसलाच पाहिजे. शिवाय डिस्कनेक्टेड सेशन दोन-तीन तासांनी संपवायची मर्यादा पॉलिसीतून लावा, नाहीतर आठवड्याभरात अर्धी रॅम रिकाम्या सेशननी खाल्लेली असते.

व्हीएमची मांडणीही कामानुसारच करायची. नावात ठिकाण, काम, क्रमांक एवढंच: सोलापूर, आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस), ०१. कॉम्प्युटरचं नेटबायोस नाव १५ अक्षरांत बसलं पाहिजे. डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) वेगळ्या व्हीएमवर ठेवा, त्यावर युझरना लॉगिन देऊ नका. पैसे वाचवायला दोन्ही एकत्र करणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. कलेक्शन (ठरावीक युझरना दिलेला सेशन होस्टचा गट) करताना लक्षात ठेवा की एक सेशन होस्ट एकाच कलेक्शनमध्ये राहू शकतो. म्हणून हिशेबाला आणि डिझाइनला वेगळी कलेक्शन हवी असतील तर होस्टही वेगळे लागतात. जॅकार्डच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर हिशेबाच्या होस्टवर न टाकलेलंच बरं, एकाच्या अडचणीत दुसरा थांबतो.

रॅमचा कामचलाऊ हिशेब: विंडोजला ४ जीबी, आणि टॅली, एक्सेल, ब्राउझर वापरणाऱ्या माणशी दीड जीबी. बारा जणांना २२ होतात, २४ द्या. ब्राउझरमध्ये वीस-वीस टॅब उघडणारे असतील तर माणशी दोन धरा.

टेंप्लेटवरून व्हीएम काढताना आधी सिसप्रेप (मशीनची ओळख पुसणारं विंडोजमधलं साधन) ‘जनरलाइज’ करून चालवा, नुसती डिस्क कॉपी केली तर एकाच ओळखीची दोन मशीनं तयार होतात. चेकपॉइंट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) हा बॅकअप नव्हे. महिन्यापूर्वीच्या चेकपॉइंटवर मशीन मागे नेलं की डोमेनशी ट्रस्ट तुटल्याचा मेसेज येतो, कारण मशीनच्या खात्याचा पासवर्ड मूळ सेटिंगनुसार दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि मागे नेलेल्या मशीनकडे जुनाच असतो. लोकल ॲडमिनने आत जाऊन सिक्युअर चॅनेल (मशीन आणि डोमेनमधला विश्वासाचा दुवा) दुरुस्त करावं लागतं.

वीज जाऊन यूपीएसही संपला तर काय, याचं उत्तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये देऊन ठेवा. ‘ऑटोमॅटिक स्टार्ट ॲक्शन’मध्ये डोमेन कंट्रोलरला शून्य सेकंद, सेशन होस्टना १८० सेकंद उशीर. सगळे एकदम उठले तर होस्टना डोमेन सापडत नाही. आणि मूळ सर्व्हरच्या मदरबोर्डची बॅटरी उतरलेली असेल तर घड्याळ मागे जातं. केर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत) ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, मग बरोबर पासवर्डलाही नकार येतो.

दुरुस्तीसाठी सेशन होस्ट बाजूला काढताना आधी त्यावर नवी लॉगिन बंद करा: ‘चेंज लॉगऑन /ड्रेन’. चालू सेशन संपले की मग हात घाला. आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास काहीही हलवू नका. मासिक रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ आणि ३बी त्या तारखांना असतं, आणि त्या दिवशी सर्व्हर बंद पडलेला कोणालाच चालत नाही.

बारा-पंधरा ग्राहकांची मशीनं सांभाळायची तर अनेक रिमोट डेस्कटॉप एका खिडकीत ठेवणारं आरडीसीमॅनसारखं सॉफ्टवेअर लागतं. मायक्रोसॉफ्टने ते २०२० मध्ये सुरक्षेच्या त्रुटीमुळे काढून घेतलं होतं, २०२१ मध्ये आपल्याच सिसइंटर्नल्स या साधनसंचातून परत आणलं. तेव्हा जुनी कॉपी कोणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका. त्यात एका ग्रुपात एकतर सर्व्हर राहतात किंवा उपग्रुप, दोन्ही नाहीत. ग्राहकागणिक वेगळी फाइल, त्यात ‘डोमेन’, ‘सेशन होस्ट’, ‘इतर’ असे ग्रुप, आणि लॉगिनची माहिती वरच्या पातळीवर देऊन खाली ‘इनहेरिट फ्रॉम पॅरेंट’. सेव्ह केलेले पासवर्ड मूळ सेटिंगमध्ये तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात, त्यामुळे फाइल सहकाऱ्याला दिली तरी ते चालत नाहीत, आणि तेच ठीक आहे.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट राउटरवर उघडा ठेवू नका. नंबर बदलून ३३९० केल्याने काही साधत नाही. रिमोट डेस्कटॉप गेटवे ४४३ वर किंवा व्हीपीएन, हे दोनच मार्ग.

लायसन्स युझरप्रमाणे की डिव्हाइसप्रमाणे, हा प्रश्न मालक विचारतोच. ऑफिसातला माणूस घरूनही बसत असेल तर युझर कॅल (क्लायंट ॲक्सेस लायसन्स). कारखान्याच्या काट्यावर तीन पाळ्यांत तिघे एकाच पीसीवर बसत असतील तर डिव्हाइस कॅल, एकात भागतं. सर्व्हर डोमेनमध्ये नसेल, नुसत्या वर्कग्रुपमध्ये असेल, तर युझर कॅल चालत नाही.

सरावाला १६ जीबी रॅम आणि विंडोज प्रोचा पीसी पुरतो, होम आवृत्तीत हायपर-व्ही नसतं. डोमेन कंट्रोलरला २ जीबी, सेशन होस्टला ४, क्लायंटला ४. पाच युझर, दोन कामाचे ग्रुप, तीन फोल्डर करा, मग एकाची बदली करा आणि त्याच्या लॉगिनने तिन्ही फोल्डर उघडून बघा. सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, पण रिमोट डेस्कटॉप लायसन्सची सवलत १२० दिवसांतच संपते. त्यानंतर साध्या लॉगिनला नकार आला तर ‘एमएसटीएससी /ॲडमिन’ने आत जाता येतं.