फिरतं खुराडं सरकवताना पिल्लांचे पाय सापडायचे, त्यावर उपाय

पिल्लांना नीट पिसं आली की, साधारण 3 ते 4 आठवड्यांनी, मी त्यांना बिनबुडाच्या फिरत्या खुराड्यात गवतावर ठेवतो. रोज सकाळी खुराडं त्याच्या लांबीइतकं पुढे ओढायचं. ताजं गवत आणि किडे मिळतात, विष्ठा एका जागी साचत नाही.

अडचण होती मागच्या कडेची. रेंगाळणाऱ्या पिल्लांचे पाय लाकडी पट्टीखाली सापडत. चाकं लावून कड उचलली, तर फटीतून पिल्लं बाहेर निसटू लागली.

मग मागच्या पट्टीला आतल्या बाजूने गोणपाटाची झालर ठोकली, जमिनीला टेकेल इतकी लांब. ती पाठीला घासली की पिल्लू दचकून पुढे पळतं, आणि फटही झाकली जाते. खुराडं सरकवण्याआधी सकाळचं खाद्य देत नाही; भांडं पुढच्या टोकाला ठेवतो, भुकेली पिल्लं तिकडेच गोळा होतात. ओढायचं मात्र सावकाश, थांबत थांबत. इथे घाई केली तर झालरही पाय वाचवू शकत नाही.

जागेवर आलं की चाकं काढून कड जमिनीवर टेकवतो. उंचसखल जागी उरलेली फट माती किंवा विटेने लगेच बुजवतो, कारण मुंगसाला तेवढी वाटही पुरते.