डेलिरियमची श्रेणी मराठीत आणताना: पडताळणी कशी करावी

डेलिरियम म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मनाचा गोंधळ. तो ओळखण्यासाठी वापरली जाणारी फोर-ए-टी ही गुण देऊन करायची श्रेणी दोन मिनिटांत होते. सजगता, चार भानाचे प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल), अवधान आणि अचानक झालेला बदल असे तिचे भाग असून एकूण गुण 12 आहेत, आणि 4 वा अधिक गुण पडल्यास डेलिरियमची शक्यता धरतात. परवानगी, दोन स्वतंत्र भाषांतरे, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट (म्हणजे पुन्हा मूळ भाषेत) भाषांतर व तज्ज्ञांची बैठक ही भाषांतराची वाट ठरलेली आहे. खरी परीक्षा वॉर्डात होते.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना जन्मतारीख विचारली, तर “पोळ्याच्या पाडव्याची” हे उत्तर मिळते. सालही सांगता येत नाही. दोन चुकांचे 2 गुण झाले. मग अवधान तपासण्यासाठी डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगितल्यावर त्या गप्प राहिल्या आणि परिचारिकेने “तपासणी अशक्य” असे नोंदवले, की आणखी 2. म्हणजे पूर्ण शुद्धीत असलेली बाई 4 वर पोहोचते. बाजाराच्या दिवसामुळे वार मात्र पाठ असतात. तरीही महिन्यांऐवजी वार घेणे ही निव्वळ भाषांतराची बाब नाही, कारण मूळ नियमात 7 महिने बरोबर आले की शून्य गुण मिळतो आणि वार मुळातच सातच आहेत. त्या बदलाची स्वतंत्र पडताळणी करावी.

अचानक झालेल्या बदलाविषयी नातेवाइकांना “भ्रम झाला का?” असे विचारू नये, त्यांना “भ्रमिष्ट” ऐकू येते आणि ते ठाम नकार देतात. “बाबा कालपासून काईबाई बोलून रायले का?” या प्रश्नाला खरे उत्तर मिळते. असे शब्द 30 ते 40 जणांवर आधी तपासून घ्यावेत.

प्रत्यक्ष पडताळणीत गुण ठाऊक नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानाचे प्रमाणित निकष) नुसार निदान करावे, आणि तेही दोन-तीन तासांच्या आत, कारण डेलिरियम दिवसभरात चढतो-उतरतो. याच कारणाने दुसऱ्या दिवशीची फेरतपासणी निरर्थक ठरते. त्याऐवजी दोन परिचारिकांनी एकाच वेळी गुण देऊन कापा (दोघींचे गुण किती जुळतात याचे माप) काढावा. नमुन्यात केवळ दारू सुटल्यावर आरडाओरडा करणारे नकोत. फवारणीच्या विषबाधेत अॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध दिल्यावर बरळणारे, स्मृतिभ्रंश असलेले आणि विशेषतः भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेले रुग्णही हवेत, कारण हे शेवटचेच नेहमी निसटतात.

संवेदनशीलता (डेलिरियम असलेले किती ओळखले गेले) व विशिष्टता (नसलेले किती बरोबर वगळले गेले) शिकलेल्या आणि न शिकलेल्या रुग्णांसाठी वेगवेगळी मांडावी. संमती सुरुवातीला नातेवाइकाची घ्यावी व शुद्ध परतल्यावर रुग्णाला पुन्हा विचारावे; त्याने नकार दिल्यास त्याची नोंद विश्लेषणातून काढावी.