वैशाखअखेरची बाग: माळीकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्राची पदवी हाती असूनही मला धड कुंडी भरता येत नव्हती, हे माळी प्रशिक्षणाच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात पहिल्याच आठवड्यात उघड झाले. त्यानंतरची नऊ वर्षे मी पुण्यातील कोथरूड, औंध आणि बाणेर भागांतील सोसायट्यांच्या व गच्चीवरच्या बागा सांभाळते आहे. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना वाटते की मे महिन्यात माळ्याचे काम म्हणजे झाडांना पाणी घालून ती जगवणे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या हातून दगावलेल्या झाडांपैकी बहुतेक उन्हाने वाळली नाहीत, तर जुलैत पाण्याने कुजली, आणि त्यांचे नुकसान मी मे महिन्यातच करून ठेवले होते.

पहिल्या उन्हाळ्यात एका सोसायटीतील जास्वंदीच्या चौदा कुंड्या माझ्याकडे होत्या. दुपारी एकच्या सुमारास त्या माना टाकत आणि मी धावत जाऊन झारीने पाणी घालत असे. कडक उन्हात पानांच्या रंध्रांतून बाष्प जितक्या वेगाने बाहेर पडते तितक्या वेगाने मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून माती ओली असतानाही पाने लोंबतात आणि उन्हे कलल्यावर आपोआप सावरतात, हे मी परीक्षेत लिहिले होते. कुंडीसमोर उभी राहिल्यावर मात्र ते आठवले नाही. सतत ओल्या राहिलेल्या मातीत मुळांना हवा मिळेना, ती काळी पडली, आणि कुजलेल्या मुळांचे झाडही तहानलेल्या झाडासारखेच मान टाकत असल्यामुळे मी आणखी पाणी घातले. चौदांपैकी पाच झाडे गेली. तेव्हापासून मी झाड दुपारी पाहत नाही, पहाटे पाहते. सूर्य वर येण्याआधीही पाने मलूल असतील आणि बोट दोन पेरे मातीत घातल्यावर कोरडे निघत असेल, तरच ती खरी तहान असते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती मुठीत धरली तर गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, ती अवस्था बोटाने ओळखता येणे हे या कामातले पहिले शिक्षण आहे आणि ते पुस्तकातून मिळत नाही.

पाण्याबद्दल पुण्यापुरते आणखी थोडे सांगते. मे महिन्यात अनेक सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचे पाणी येते आणि त्यातील क्षारांचा पांढरा थर मातीवर व कुंडीच्या कडेवर साचतो. वरची इंचभर माती खरवडून काढावी आणि तिच्या जागी कुजलेले शेणखत व नवी माती घालावी. सांडपाणी शुद्ध करून बागेला देण्याची सोय असेल, तर ते पाणी हिरवळीला आणि मोठ्या झाडांना द्यावे, पालेभाजीच्या वाफ्यांना देऊ नये. आच्छादनासाठी उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला दोन-तीन इंच जाड पसरावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये, कारण पहिल्या वळिवानंतर तिथेच बुरशी धरते.

नियमित पाऊस पुण्यात सर्वसाधारणपणे १० जूनच्या आसपास पोहोचतो, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी नक्षत्र लागल्यावर हाताशी जेमतेम दोन आठवडे उरतात. या काळात मी प्रत्येक कुंडी तिरकी करून तिच्या तळाचे छिद्र तपासते. वर्षभरात मुळे आणि गाळ मिळून ते छिद्र बुजलेले असते, आणि उन्हाळ्यात पाणी मोजके असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुळांचा गुंता झाला असेल तर कुंडी बदलावी, छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा आणि नुसती काळी माती कधीही भरू नये; ती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते. लाल माती, शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण मला पुरते. कुंडी बदललेले झाड आठ-दहा दिवस हिरव्या जाळीखाली ठेवावे. गच्चीवर काम करणाऱ्यांनी पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांची तोंडे स्वतः साफ करावीत, कारण खालच्या मजल्यावर ओल उतरली की दोष बागेलाच येतो. वळिवाच्या वाऱ्यात कठड्यावरच्या कुंड्या खाली पडतात, हे वेगळे सांगायला नको.

हळद, आले आणि निशिगंधाचे गड्डे लावण्याचे दिवसही हेच आहेत. गड्ड्याचा डोळा वर ठेवून तो दोन इंच खोल लावावा आणि कोंब दिसेपर्यंत पाणी बेताने द्यावे. नवशिके इथेच उतावीळ होतात आणि माती उकरून पाहतात. मिरची-वांग्याचे बी रोपांसाठी मेअखेरीस गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर टाकावे, कारली-दोडक्याची घाई मात्र करू नये. एखादा वाफा रिकामा असेल तर त्याला भरपूर पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवावे आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्यावे. आतल्या उष्णतेने तणांचे बी आणि पुष्कळशा बुरशी मरतात. काळे प्लॅस्टिक वापरू नये, कारण ते ऊन स्वतःच शोषते आणि माती तेवढी तापत नाही. अर्थात हे काम एप्रिलमध्ये सुरू करावे लागते, मेअखेरीस आठवून उपयोग नसतो.

कोरड्या हवेत जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि गुलाबावर लाल कोळी येतो. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारावा, मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणपाणी घालून संध्याकाळीच फवारावे. दुपारी फवारल्यास पाने करपतात. या दिवसांत गुलाबाची कडक छाटणी करू नये. ग्राहक कितीही आग्रह करोत, मी ती ऑक्टोबरवर ढकलते.

मोठ्या झाडांबाबत मात्र ग्राहकाला स्पष्ट नकार देता आला पाहिजे. पावसापूर्वी धोकादायक फांद्या उतरवून घ्या, अशी मागणी दरवर्षी येते, परंतु १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. अर्ज सोसायटीने करायचा असतो, आणि तो मेअखेरीस नव्हे तर मार्चमध्ये केलेला बरा, याची आठवण करून देणे हे माळ्याचे काम आहे.

कामाचे तास या महिन्यात सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर असे तुटक असतात, त्यामुळे एकमेकांपासून लांबच्या बागा घेतल्या तर कमाईतला मोठा वाटा पेट्रोलवर जातो. पहिली दोन वर्षे मी कोथरूडबाहेरचे काम घेतले नसते तर बरे झाले असते. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी मी इतर कोणतेही काम न करता फक्त फेरी मारते, आणि ज्या कुंडीत पाणी साचलेले दिसेल तिच्या तळातून बांबूची काडी आरपार घालते.